बिल्ला नाही, तर क्लेम नाही

सायकलचा विमा काढला, हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी हातातला घासही थांबवला नाही. "उद्या चपलांचाही काढ," एवढंच म्हणाले.

बाबांचं चुकत नव्हतं. आमच्या आपट्यात लोकांनी स्वतःचा विमा काढलाय, मोटारसायकलचा कायद्याने काढावा लागलाय, कर्जावर घेतलेल्या म्हशीचा बँकेने काढायला लावलाय. सायकलचा कुणी काढल्याचं ऐकिवात नाही. पण माझी सायकल ९२ हजारांची होती. घरात मी ४० सांगितले होते. पॉलिसीचा कागद आईच्या हाती लागला आणि त्यावरच्या आकड्याने माझं बिंग फुटलं. म्हणजे विम्याने पहिलं नुकसान माझंच केलं.

आपटा म्हणजे पाताळगंगेच्या काठचं गाव. पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी रसायनीनंतर इथे थांबते. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'च्या शेवटी सिमरन गाडीमागे धावते तो फलाट आमचा, त्यामुळे लोक फोटो काढायला येतात. मी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जातो, बाकीचे दिवस घरून कोड लिहितो आणि पहाटे कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत सायकल मारतो.

मागच्या पावसाळ्यात खिंडीच्या उतारावर सांडलेल्या खडीवरून माझं चाक घसरलं. मला कोपराला खरचटलं. सायकलचा मागचा गिअर वाकला, चाकाच्या चार तारा तुटल्या आणि फोर्कला केसाएवढी चीर गेली. कार्बनच्या फोर्कला चीर म्हणजे फोर्क गेलाच. दुरुस्तीचा अंदाज ३१ हजार आला. मी मोठ्या आत्मविश्वासाने क्लेम टाकला. आठ दिवसांनी विमा कंपनीचा मेल आला. तुमच्या बिलावर फ्रेम नंबर नाही. मोडलेली सायकल हीच विमा काढलेली सायकल आहे, हे कशावरून?

मी बिल पुन्हा पाहिलं. मॉडेलचं नाव, साईझ एम, रंग काळा. बस. तशा सायकली पनवेल-नवी मुंबईत कितीतरी असतील. आमच्या भाषेत सांगायचं तर टेबलला प्रायमरी कीच नव्हती.

त्याच पंधरवड्यात शेजारच्या तात्यांची सायकल स्टेशनबाहेरून चोरीला गेली. तात्या पाताळगंगा एमआयडीसीत कंत्राटी वॉचमन आहेत. काकूंची औषधं आणायला ते गाडीने पनवेलला गेले होते आणि सायकल झाडाला साखळीने बांधली होती. परत आले तर साखळी होती, सायकल नव्हती. माझी मोडली, त्यांची गेली. दोन्ही सायकलींचं पुढे काय झालं, ते पाहता पाहता मी सायकल आणि विमा यांच्या इतिहासात शिरलो. तो इतिहास पैशाचा असेल असं वाटलं होतं. निघाला ओळखीचा.

भीतीचा भाव

'विमा' हा शब्द फारसीतल्या 'बीमा'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या 'बीम'चा अर्थ भीती. भीतीला पैशात मोजायचं आणि वाटून घ्यायचं, एवढीच ही कल्पना. ती इंग्रजांनी आणून दिली असं आपण समजतो. पण पश्चिम किनाऱ्यावरच्या सावकारीत 'जोखमी हुंडी' जुनी आहे. व्यापाऱ्याने माल जहाजावर चढवायचा आणि त्या मालावर हुंडी लिहून सावकाराकडून पैसे आधीच उचलायचे. जहाज सुखरूप पोचलं तर पलीकडचा व्यापारी हुंडीचे पैसे भरणार. जहाज बुडालं तर सावकाराचे पैसे बुडाले. हुंडी विकत घेताना सावकार जी सूट कापून घ्यायचा, त्यात व्याजही असायचं आणि भीतीचा भावही. आजच्या भाषेत, प्रीमियम.

यात एक गोष्ट गृहीत होती. कुठलं जहाज, कुणाचा माल, कुठे निघालाय, हे सावकाराला ठाऊक असायचं. ओळख पक्की नसेल तर जोखीम घेता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सारखं लागणार आहे.

आता सायकल. दोन्ही चाकं सारखी आणि मागच्या चाकाला साखळी, ही आजची रचना इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये बाजारात आणली. डनलॉपचा हवेचा टायर १८८८चा. त्याच १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि भाऊ रामूअण्णा बेळगावात विकायचे. एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये आणि चालवायला शिकवायचे पंधरा रुपये वेगळे, असे आकडे त्यांच्याबद्दल सांगितले जातात. पुढचे नांगर, पंप, किर्लोस्करवाडी हे सगळं त्या दुकानानंतरचं.

१८८८ चे हजार रुपये! माझ्या ९२ हजारांना आई जे म्हणाली, ते त्या काळच्या गिऱ्हाइकांच्या घरात काय म्हटलं गेलं असेल? सायकल ही वकील, डॉक्टर आणि साहेब लोकांची चैन होती. तरीही तेव्हाच्या बेळगावात ती चोरीला जाण्याची भीती फारशी नसावी, असं मला वाटतं. गावात मोजक्याच सायकली असतील तर चोरणार आणि चालवणार कुठे? पहिल्याच चौकात कुणीतरी विचारणार, "वकीलसाहेबांची सायकल तुझ्याकडे कशी?" गावाचे डोळे हाच विमा होता.

सायकल स्वस्त झाली तसा तो विमा संपला. १९३९ च्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना असे कारखाने निघाले आणि सायकल कारकुनाच्या, गिरणीकामगाराच्या, दूधवाल्याच्या हाती आली. सगळ्या काळ्या, सगळ्यांचा दांडा सारखाच. आता कुठली कुणाची, हे गावाच्या डोळ्यांना कळेना.

पितळेचा बिल्ला

हा प्रश्न विमा कंपन्यांच्या आधी म्युनिसिपालिट्यांनी सोडवला, आणि तोही भलत्याच हेतूने. त्यांना कर हवा होता.

आपल्या राज्यघटनेतल्या राज्य सूचीत ५७ वी नोंद आहे. रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवर, ती यंत्राने चालोत वा न चालोत, राज्यांना कर बसवता येतो. १९४९ च्या महापालिका कायद्यात वाहनं, बोटी आणि जनावरं यांच्यावरचा कर आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात तर सायकल आणि बैलगाडी यांचा कर एकत्रच नोंदवलाय. शहरात सायकलचा कर भरला की पावती आणि वर्ष व नंबर कोरलेला एक बिल्ला मिळायचा. तो सायकलला लावायचा. बिल्ला नसेल तर दंड, रात्री दिवा नसेल तर दंड, डबलसीट दिसलात तर दंड. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात ही मंडळींची रोजची धास्ती होती.

माझे आजोबा त्याच पुण्यात एका छापखान्यात कंपोझिटर होते. १९५७ मध्ये त्यांनी हप्त्याने हिंद सायकल घेतली. ती आजही आमच्या पडवीत आहे. माझ्या क्लेमच्या भानगडीत आजीने त्यांचा पत्र्याचा डबा काढून दिला, "ह्यात बघ, त्यांनी काहीच टाकलं नाही." डब्यात तीन बिल्ले, कराच्या पावत्या आणि एक लहान डायरी निघाली. डायरीच्या पहिल्या पानावर स्वतःचं नावसुद्धा नाही. फक्त सायकलचा नंबर, दोनदा लिहिलेला. एकदा शाईने आणि एकदा पेन्सिलीने.

दोनदा का? ते आजीने सांगितलं.

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजोबांची सायकल आदल्या संध्याकाळी नारायण पेठेत एका दुकानात दुरुस्तीला टाकलेली होती. पाणी ओसरल्यावर चार दिवसांनी ते तिकडे गेले, तर दुकानासमोर चिखलाने माखलेल्या सायकलींचा ढीग होता आणि त्याभोवती माणसं. प्रत्येक जण एकेका सायकलकडे बोट दाखवून 'ही माझी' म्हणत होता. खोटं कुणी बोलत नसावं. चिखलातून सगळ्या सारख्याच दिसत होत्या. दुकानदाराने शेवटी एकच गोष्ट विचारायला सुरुवात केली. नंबर सांगा. आजोबांना तो आठवेना. खोलीतली डायरी पुरात भिजून शाई पसरली होती. पण कराची पावती खिशातल्या पाकिटात होती. तिच्यावरून बिल्ल्याचा नंबर जुळला आणि सायकल मिळाली. नंतर त्यांनी फ्रेमवरचा नंबर डायरीत पेन्सिलीनेही लिहून ठेवला. पेन्सिल पाण्याने पसरत नाही.

त्या सायकलचा विमा नव्हता. पुरात घर, भांडी, कपडे गेलेल्या बहुतेकांचा कशाचाच नव्हता. पण करासाठी दिलेल्या एका पितळी चकतीने आजोबांची वस्तू आजोबांना परत दिली. चोरी रोखायला किंवा मालकी सिद्ध करायला तो बिल्ला कुणी काढला नव्हता. ते काम तो फुकटात करत होता.

पुढे हे बिल्ले एकेका शहरात बंद होत गेले. सायकलचा कर अगदी थोडा, आणि तो गोळा करायला माणसं, पावत्या, चकत्या एवढा पसारा. शिवाय गरिबाच्या वाहनावर कर कशाला, हा मुद्दाही रास्त होता. कर गेल्याचं दुःख कुणालाच झालं नाही. पण कराबरोबर नोंदही गेली, याची दखल मात्र कुणी घेतली नाही.

म्हशीच्या कानात

विम्याची गोष्ट मधल्या काळात वेगळ्या वाटेने चालली होती. १९०७ मध्ये मुंबईत इंडियन मर्कंटाइल ही सर्व प्रकारचा साधारण विमा करणारी पहिली भारतीय कंपनी निघाली. १९१९ मध्ये दोराबजी टाटांनी न्यू इंडिया काढली. त्यांचं गिऱ्हाईक होतं गोदाम, गिरणी, जहाज. १ जानेवारी १९७३ पासून साधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १०७ विमा संस्था एकत्र करून त्यांच्या चार कंपन्या केल्या गेल्या आणि विमा खेड्यात न्यायचा असं ठरलं.

तो आमच्यापर्यंत आला म्हशीवर बसून. ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून दुभत्या जनावरांसाठी कर्ज मिळायचं आणि कर्जाबरोबर जनावराचा विमा. डॉक्टर येऊन म्हशीच्या कानात नंबरचा बिल्ला ठोकायचे. म्हैस मेली तर तो कान बिल्ल्यासकट दाखवावा लागे. बिल्ला नाही, तर क्लेम नाही, असा सरळ नियम. बाबांना तो अजून पाठ आहे, कारण आमची एक म्हैस काटेरी कुंपणात अडकून कानातला बिल्ला गमावून बसली होती आणि आजोबा दोन दिवस रानात तो शोधत फिरत होते. म्हणजे म्हशीला बिल्ला आला, त्याच सुमारास सायकलचा निघून गेला.

सायकलचा विमा तेव्हाही होता. सरकारी कंपन्यांच्या गृहधारक पॉलिसीत आग, घरफोडी, दागिने, टीव्ही अशा विभागांबरोबर 'पेडल सायकल'चा एक विभाग असायचा. त्यातल्या अटी इंग्लंडच्या जुन्या पॉलिसींतून आलेल्या आहेत आणि आजच्या ॲपवरच्या पॉलिसींतही त्यांचे वंशज भेटतात. तुम्ही सायकलचा विमा काढणार असाल तर ह्या चार गोष्टी नीट वाचा.

एक, सुटे भाग. दिवा, सीट, मीटर एकटंच चोरीला गेलं तर पैसे नाहीत. अख्खी सायकल त्याबरोबर गेली तरच. माझ्या मित्राची ६ हजारांची सीट गेली तेव्हा चोराने सायकलही न्यायला हवी होती, असं म्हणायची पाळी आली.

दोन, शर्यत. शर्यतीत किंवा शर्यतीच्या सरावात नुकसान झालं तर भरपाई नाही. भाड्याने दिलेल्या सायकलला, आणि कधी कधी डिलिव्हरीच्या कामाला लावलेल्या सायकलला, हाच नियम.

तीन, घसारा. विमा तुम्हाला अपघाताआधी जिथे होतात तिथे आणून ठेवतो, त्याच्या पुढे नाही. विम्यात नफा कमवायचा नाही, हे या व्यवहाराचं सगळ्यात जुनं तत्त्व आहे, कारण नफा होऊ लागला तर लोक स्वतःच गोदाम पेटवतील. म्हणून जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसवला तर झिजेचे पैसे कापले जातात. टायर, ब्रेकचे रबर हे झिजणारे भाग बहुधा धरतच नाहीत.

चार, चोरी आणि घरफोडी यांतला फरक. ही अट सगळ्यात महाग पडते. २००४ मध्ये हरचंद राय चंदन लाल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पॉलिसीत घरफोडीसाठी बळाचा वापर अशी व्याख्या असेल, तर कुलूप-दार न फोडता झालेल्या चोरीचे पैसे मिळणार नाहीत. म्हणजे घराच्या पॉलिसीवर विसंबून पडवीत उघड्यावर ठेवलेली सायकल कुणी अलगद उचलून नेली, तर तुमच्याकडे चोरीची तक्रार असेल, पण क्लेम नसेल.

आणि या चारांच्या आधी एक शून्यावी अट, कुठेही ठळक न लिहिलेली. सायकल ओळखता आली पाहिजे. मोटारसायकलला आरटीओचा नंबर आहे, चासी नंबर आहे, आरसी बुक आहे. सायकल मोटार वाहन कायद्यात बसत नाही. तिची नोंद नाही, म्हणून विम्याची सक्ती नाही, आणि म्हणूनच विमा काढला तरी तो कशाच्या आधारावर उभा आहे ते सांगता येत नाही. उरतं फक्त दुकानाचं बिल.

बाहेरच्या देशांत

दुसऱ्यांनी हे कसं सोडवलं? नेदरलँड्सने १९२४ मध्ये सायकलवर कर बसवला आणि प्रत्येक सायकलला धातूची पट्टी लावायला लावली. मंदीच्या काळात बेकारांना ही पट्टी फुकट मिळायची, पण तिला एक भोक पाडलेलं असायचं. फुकटची आहे हे रस्त्यावर सगळ्यांना दिसावं म्हणून. १९४१ मध्ये तो कर गेला, पण त्या भोकाचा अपमान लोक पुढेही विसरले नाहीत. नोंदीला ही बाजूही असते. सरकारने ओळखणं आणि सरकारने डाग देणं, यांत अंतर थोडंच आहे.

स्वित्झर्लंडमध्ये सायकलला दरवर्षी एक छोटा स्टिकर घ्यावा लागे आणि त्याच्या पैशांत सायकलस्वाराकडून दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा असे. २०१२ पासून ती सक्ती उठली. जपानमध्ये उलट घडलं. तिथे चोरी रोखण्यासाठी सायकलची नोंदणी नव्वदच्या दशकापासून कायद्याने करावी लागते. पुढे कोबे शहरात एका अकरा वर्षांच्या मुलाच्या सायकलची धडक बसून एक बाई कायमची अंथरुणाला खिळली. २०१३ मध्ये तिथल्या कोर्टाने मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरायला सांगितले. त्यानंतर २०१५ मध्ये त्या ह्योगो प्रांताने सायकलस्वारांना दायित्वाचा विमा सक्तीचा केला.

हे वाचून मी माझी पॉलिसी पुन्हा उघडली. मी कर्नाळ्याच्या उतारावर एखाद्या म्हाताऱ्या बाईला धडकलो असतो तर? माझ्या फोर्कचे पैसे मागता आले असते. तिच्या मोडलेल्या खुब्याबद्दल त्या कागदात एक ओळही नव्हती.

दोन सायकली, एक स्टेशन

तात्यांबरोबर पोलीस ठाण्यात मी गेलो होतो. ड्युटीवरच्या हवालदाराने नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग विचारलं, "किंमत किती?"

तात्यांनी सात वर्षांपूर्वी ती ४२०० ला घेतली होती. बिल नव्हतं, कच्ची पावती होती, तीही कधीच गेलेली. "आताची हजार-दीड हजार धरा," तात्या प्रामाणिकपणे म्हणाले.

तो प्रामाणिकपणा महागात पडला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरी ही चोरी होती. पन्नास रुपयांची असो की पन्नास लाखांची, गुन्हा दखलपात्र. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये, चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे. यामागचा विचार माणुसकीचा आहे. पोटासाठी पहिल्यांदा हात मारलेल्या पोराला तुरुंगात कशाला टाका? पण सोबतच्या प्रक्रिया संहितेत ही पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र झाली. म्हणजे एनसी. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत.

हवालदाराने हे सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "सायकलचा नंबर काय होता?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. महिनाभरापूर्वी मलाही माझा माहीत नव्हता.

माझी सायकल त्याच झाडाखालून गेली असती तर? गुन्हा दखलपात्र, एफआयआर, एफआयआरची प्रत विमा कंपनीला, कंपनीकडून पैसे. कायद्याची साखळी कडीला कडी जोडून पूर्ण झाली असती. तात्यांच्या बाबतीत पहिलीच कडी लागत नाही. त्यांना विमा हवा असता तरी मिळाला नसता, कारण बहुतेक योजनांना नवी सायकल आणि पक्कं बिल लागतं. आणि कंपनीच्या बाजूनेही गणित खरं आहे. दीड हजाराच्या सायकलची पॉलिसी लिहायला, तपासायला, क्लेम निस्तरायला जो खर्च येतो, तो सायकलपेक्षा जास्त.

पण किंमत आणि नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी सायकल महिनाभर दुकानात पडून होती. मी पहाटे झोपलो, तीन किलो वजन वाढलं, एवढंच झालं. तात्यांची सायकल गेली त्या आठवड्यात त्यांच्या दोन रात्रपाळ्या बुडाल्या. त्या वेळी एमआयडीसीकडे जायला काहीच मिळत नाही. तिसऱ्या रात्री ते चालत गेले आणि उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापला गेला. विमा ९२ हजारांच्या हौसेचा होतो, दीड हजाराच्या पोटाचा होत नाही. जुन्या बिल्ल्याचं एक बरं होतं. तो वकिलाच्या आणि दूधवाल्याच्या सायकलला सारखाच लागायचा.

माझा क्लेम अखेर सुटला. मी दुकानातून फ्रेम नंबरचं पत्र आणलं. घेतली त्या दिवशी आईने सायकलला ओवाळलं होतं, त्या फोटोत सायकल आडवी ठेवलेली होती आणि पॅडल बसतं त्या नळीखालचा नंबर मोठा करून कसाबसा वाचता येत होता. ३१ हजारांपैकी घसारा, वजावट आणि न धरलेले भाग जाऊन हातात १६,४०० आले. बाबा म्हणाले, "चपलांचा काढू नकोस मग."

वही

मी इंजिनिअर. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते ॲप. गावातल्या सगळ्या सायकलींचे नंबर, फोटो, मालक, चोरीची सूचना. दोन रात्रींत स्क्रीनही तयार केल्या. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला दाखवल्या. तो म्हणाला, "वही ठेवतो ना. सायकल उलटी तर मीच करतो."

तीच गोष्ट खरी होती. फ्रेम नंबर सायकलच्या पोटाखाली असतो. मालक तो कधीच पाहत नाही, पंक्चरवाला रोज पाहतो. आम्ही दोनशे पानी वही घेतली. नंबर, रंग, मालक, तारीख, सही किंवा अंगठा. लिहायचं पेन्सिलीने, हा नियम आजोबांचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लोक सायकली धुवायला, तेल-पाणी करायला आणतात. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ आणि आपट्याची पानं लागतात. त्या एका दिवसात वहीत ४१ नंबर झाले. शाळेतल्या मुलांच्या, मासे विकणाऱ्या मावशींची, वीटभट्टीवरच्या दोघांच्या. आजोबांच्या हिंदचा नंबरही मी लिहिला, जरी ती आता पडवीतून हलत नाही.

संध्याकाळी तात्या आले. पनवेलच्या बाजारातून त्यांनी १८०० ला जुनी सायकल आणली होती. निळी, नवा रंग मारलेली. "इंजिनिअर, माझा पहिला नंबर लिहायचा होतास," ते हसत म्हणाले.

पंक्चरवाल्याने सायकल उलटी केली, फडक्याने नळी पुसली आणि हात थांबवला. मी मोबाइलचा टॉर्च धरला. रंगाखाली आडव्या रेघा होत्या. गंजाच्या नव्हत्या, कानशीच्या. नंबर कुणीतरी घासून काढला होता.

तिघंही थोडा वेळ काही बोललो नाही. कुठल्यातरी स्टेशनबाहेर, कुठल्यातरी झाडाला एक साखळी लटकत असणार आणि कुणीतरी आपल्या पाळीला चालत गेलं असणार.

"मला काय माहीत रे," तात्या हळू म्हणाले. मग घड्याळ पाहिलं. त्यांची रात्रपाळी होती. "लिही. जे आहे ते लिही."

मी लिहिलं. रंग निळा. मालकाच्या रकान्यात तात्यांचं नाव. नंबरच्या रकान्यात, पेन्सिलीने, 'नाही'.

तात्यांनी सही केली, सायकल सरळ केली आणि एमआयडीसीच्या रस्त्याला लागले.